युरियाची बॅग: मामांच्या थकलेल्या रिटर्नच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

मामींचा फोन गुरुवारी आला होता. "टायर घ्यायले पैसे नाईत, ट्रक आठ दिवसांपासून दारात उभा हाय, अन् तुझे मामा बोलून नाई रायले." पहिल्या दोन गोष्टी नेहमीच्या. तिसरी नव्हती. आमचे मामा झोपेतही बोलतात.

सकाळच्या एसटीने नागपूरहून जाम, वरोरा करत वणी, तिथून ऑटोने गाव. मामांचं दुकान म्हणजे एक दहाचाकी ट्रक: खाणीतून कोळसा उचलायचा, रेल्वे सायडिंगला टाकायचा, ट्रान्सपोर्टवाल्याकडून ट्रिपप्रमाणे भाडं घ्यायचं. शिवाय साडेतीन एकर, कपाशी आणि तूर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत दुसराही ट्रक होता. तो फायनान्सवाल्यांनी ओढून नेला. ते घरात कोणी बोलत नाही.

जेवण झाल्यावर विचारलं, "मामा, इन्कम टॅक्सचं रिटर्न शेवटचं कधी भरलं?" मामा उठून बाहेर गेले. मला वाटलं विषय संपला. परत आले ते खांद्यावर युरियाची रिकामी बॅग घेऊन. रिकामी म्हणजे युरिया नसलेली. आत पाकिटं होती, सगळी बंद, काही उंदरांनी कोपऱ्यात कुरतडलेली.

"काऊन नाई फोडली?"

"एक फोडलं का दुसरं फोडा लागते."

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

मी नागपुरात एका ऑफिसात हिशेब बघते. सीए नाही, बी.कॉम. आहे, पण रिटर्न भरून भरून हात बसलाय. तेवढ्या जोरावर मामींना सांगून टाकलं, "काळजी करू नका, दिवाळीपर्यंत सगळं निस्तरते, भाड्यातून करापोटी कापलेले पैसेही परत आणते." हे बोलायला नको होतं. नोंद करून ठेवते.

१३ ऑक्टोबर

ओसरीवर सतरंजी टाकून पाकिटं फोडली. मी फोडायची, मोठ्याने वाचायची, मामांनी ढीग सांगायचा. पहिल्या दहाला त्यांनी डोळे मिटून घेतले होते. विसाव्या पाकिटाच्या आसपास स्वतःच हात पुढे केला.

एकूण ६१. फायनान्सवाल्यांची २३, ट्रकचा विमा आणि एलआयसीची ११, बँकेची ९, ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेली टीडीएसची, म्हणजे भाडं देतानाच कापलेल्या कराची, १६ए प्रमाणपत्रं ८, ट्रकचे ई-चलान ५, लग्नपत्रिका ३. आयकर खात्याची फक्त २.

त्यातलं एक २०१९ मधलं: तेव्हा भरलेल्या रिटर्नची तपासणी झाली, देणं नाही, घेणं नाही. म्हणजे पावतीच. त्या पावतीला भिऊन माणूस सहा वर्षं बसला. दुसरं २०२२ मधलं: तुमच्या नावावर टीडीएस दिसतो, रिटर्न दिसत नाही, कळवा. ना धाड, ना दंड.

लग्नपत्रिकांपैकी एक मूर्तिजापूरच्या सोयऱ्यांची निघाली. "म्हणून ते बोलत नाईत होय!" मामी म्हणाल्या. आयकरापेक्षा हे प्रकरण जड जाईल असं दिसतं. ते माझ्या कामात धरलेलं नाही.

आयकराच्या पोर्टलवर शिरता आलं नाही. पासवर्ड, ईमेल, मोबाइल, तिन्ही तालुक्याच्या सेंटरवाल्या पोराचे. आधीची रिटर्न तोच भरायचा. त्याने धंदा बदलला, आता मोबाइलचं दुकान टाकलंय. भेटला, ओशाळला, सिम केव्हाच बंद झाल्याचं सांगितलं. पासवर्ड आधारच्या ओटीपीने बदलता येतो. पण मामांच्या आधारला जोडलेला नंबरही जुना, तो फोन पैनगंगेत पडला. तेव्हा आधी आधार.

१४ ऑक्टोबर

आधार केंद्र. ७५ रुपये, पावणेतीन तास. बोटांचे ठसे चारदा घेतले तरी उमटेनात. पंचवीस वर्षं स्टिअरिंग आणि जॅक धरलेले हात, रेघा उरल्यात कुठे? शेवटी अंगठ्याने काम झालं.

पॅन तपासला. निष्क्रिय. आधारशी जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपली, १ जुलैपासून न जोडलेले पॅन बंद पडले. आता जोडायला १००० रुपये शुल्क. मामा म्हणाले, "बंद पडला त जाऊ दे ना, नवीन काढू." दुसरा पॅन बाळगला तर दहा हजार दंड आहे म्हटल्यावर खिशातून पाचशेच्या दोन नोटा निघाल्या. मी ऑनलाइन भरले. पैसे पोर्टलवर दिसायला चार-पाच दिवस, जोडणी झाल्यावर पॅन जागा व्हायला जास्तीत जास्त तीस. दिवाळी हातची गेली.

रजा संपली. रात्रीच्या गाडीने परत.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आईला घेऊन आले. आईने मामांना ओवाळलं. मामांनी ताटात नोट टाकली आणि लगेच मला म्हणाले, "चाल, काढ तुझं लॅपटॉप." म्हणजे बोलायला लागलेत.

आधारचा नवा नंबर लागला होता, पॅनची जोडणीही झाली होती, फक्त पॅन जागा व्हायचा होता. ओटीपीने पासवर्ड बदलला, ईमेल मामेभावाचा टाकला. मग २६एएस उघडलं. आपल्या नावावर कोणी किती कर कापून सरकारात भरला, ते त्यात दिसतं.

दर वर्षी एक टक्का, एक टक्का, एक टक्का. आणि जुलै २०२३ पासून वीस.

मी आकडा दोनदा पाहिला. मामांना विचारलं, "भाड्यातून वीस टक्के कापतात, तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. मुनीम म्हणे वरून कापते. मले वाटलं दंड असन. रिटर्न नाई भरलं ना आपण."

दंड नव्हता. पॅन बंद म्हणजे कायद्याच्या दृष्टीने पॅन नाहीच, आणि पॅन नसलेल्याचा टीडीएस वीस टक्क्यांनी कापावा लागतो. ट्रान्सपोर्टवाल्याने नियमच पाळला. शंभरातले वीस गेले, त्यात डिझेल, ड्रायव्हर, टायर. दोन वर्षं माणूस तोट्यात ट्रक चालवत होता आणि त्याला वाटत होतं, आपण शिक्षा भोगतोय.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या आहेत, त्याने तसं लिहून दिलं आणि सोबत पॅन दिला, तर भाड्यातून टीडीएस कापतच नाहीत. कलम १९४सी, पोटकलम ६. एका पानाचं घोषणापत्र. मामांना ते कोणी कधी मागितलं नाही, यांनी कधी दिलं नाही. पहिल्या दिवशी तो कागद गेला असता तर तो एक टक्कासुद्धा कापला गेला नसता. पॅन बंद पडल्यावर वीस टक्के वाचले नसते, पण निदान एवढी वर्षं अडकलेले थेंब तरी अडकले नसते.

मामी बाजूला तीळ निवडत ऐकत होत्या. "दारात ट्रक उभा म्हणून म्या काई लाडकी बहीण झाली नाई. अन् ट्रकचे पैसे सरकारकडेच. मंग मी हाय तरी कोण सरकारची?" आईने हसू दाबलं. मी दाबलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार (नागपूर)

घरी बसून वर्षावार मांडणी. आर्थिक वर्षानेच लिहिते. आकारणी वर्ष त्याच्या पुढचं असतं आणि मामांशी बोलताना त्या दोन वर्षांच्या घोळात अर्धा तास जातो.

उत्पन्न कसं धरायचं? हिशेबाच्या वह्या नाहीत. पण थोडेच ट्रक असलेल्यांसाठी कलम ४४एई आहे. गाडीचं एकूण वजन १२ टनांच्या वर असेल तर दर टनामागे दरमहा १००० रुपये उत्पन्न धरायचं, वह्या मागत नाहीत. मामांच्या आरसी बुकावर २५,००० किलो. म्हणजे महिन्याला २५,०००, वर्षाला ३ लाख. फोनवर सांगितलं तर उसळले.

"अन् उभा असला तं?"

उभा असला तरी. गाडी नावावर आहे तेवढे सगळे महिने मोजायचे. लॉकडाउनमध्ये ट्रक तीन महिने लिंबाखाली उभा होता, तेही. कर्जाचा हप्ताही वजा होत नाही. कमी दाखवायचं तर वह्या ठेवा, ऑडिट करा. ऑफिसातल्या सीए मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, ऑडिटची फी वाचणाऱ्या करापेक्षा जास्त होईल, आणि इथे तर बहुतेक वर्षी कर शून्यच आहे. बरोबर होतं त्यांचं. तीन लाखांवर कलम ८७ए ची करसूट बसते, कर उरत नाही. म्हणजे कापलेला प्रत्येक रुपया मामांचा.

पण मागायची मुदत असते. इथे माझ्या दिवाळीच्या वचनाची खरी वाट लागली.

२०१८-१९: कापलेले ८,७००. गेले. उशिराच्या परताव्यासाठी माफी मागता येते, पण आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, आणि ही पाच वर्षं ३१ मार्च २०२५ ला भरली. मामींचा फोन आठ महिने आधी आला असता तर वाचले असते.

२०१९-२० चे ९,८००, २०२०-२१ चे ४,३५० (त्या वर्षी करोनामुळे दर एकऐवजी पाऊण टक्का होता), २०२१-२२ चे ११,०००: मुदतीत आहेत. पहिल्याची मुदत मार्च २०२६ मध्ये संपते, म्हणून तोच अर्ज आधी.

२०२२-२३: दोन ट्रक, सहा लाख. हे एकच वर्ष खऱ्या कराचं.

२०२३-२४: सुरुवातीचे महिने एक टक्का, नंतर वीस. मिळून १,३४,०००. हेही माफीच्या अर्जानेच.

२०२४-२५: वीस टक्के पूर्ण वर्ष. याचं उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत थेट भरता येतं. ही गाडी चुकवायची नाही.

८ नोव्हेंबर

पॅन अजून निष्क्रिय. रोज सकाळी चहाआधी तपासते.

११ नोव्हेंबर

पॅन चालू! ऑफिसातून मामांना फोन केला. शेतात होते. सीतादहीची पूजा करून कापसाची वेचणी सुरू झाली आहे. "झाला का जित्ता?" म्हणाले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेलो. टेबलामागे मुनीम, मागे गणपती, बाजूला बिल्ट्यांचे गठ्ठे. घोषणापत्र आणि पॅन चालू असल्याची छापील प्रत दिली. मुनीमजींनी वाचलं, शिक्का मारून पोच दिली, आणि म्हणाले, "हे आधी आणून द्याचं ना." मामा माझ्याकडे बघतात, मी गणपतीकडे.

दुसरं काम अवघड होतं. मामांच्या भाड्याच्या पावत्यांप्रमाणे २०२४-२५ मध्ये ७,८५,००० च्या भाड्यावर १,५७,००० कापलेत. २६एएसमध्ये १,१८,६०० च दिसतात. जानेवारी ते मार्चचे ३८,४०० गायब. मुनीमजींचं म्हणणं, पैसे भरले आहेत. मी म्हटलं, भरले असतील, पण तिमाहीच्या विवरणात मामांचा पॅन चुकला असेल तर ते दुसऱ्याच कोणाच्या नावावर दिसत असतील. कॉम्प्युटरवर शोधलं. पॅनमधल्या चार अंकांपैकी दोन उलटसुलट. दुरुस्ती विवरण भरावं लागेल. "दोन दिवसांत करतो." पोच मागितली तर हसले, पण दिली.

परतताना मामा गप्प. वाटलं, पुन्हा बिनसलं. मारेगावच्या फाट्याला म्हणाले, "बाई, तू भांडत नाईस तरी कागद करून घेतेस. मी भांडतो, अन् कागद राहून जाते."

संध्याकाळी बॅगेतल्या फायनान्सच्या २३ पाकिटांकडे वळलो. यांना शेवटपर्यंत ठेवलं होतं. दुसरा ट्रक ताब्यात घेतल्याचं पत्र सापडलं, ९ ऑगस्ट २०२३. म्हणजे त्या वर्षी दुसऱ्या ट्रकचे एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने. नऊ दिवसांचा ऑगस्टही पूर्ण महिनाच. ३ लाख अधिक १,२५,०००, एकूण ४,२५,०००. खरं सांगायचं तर या पत्राने कराचा आकडा बदलला नाही. बारा महिने धरले असते तरी कराच्या नव्या पद्धतीत सात लाखांपर्यंत सूट होती. पण माफीच्या अर्जात "अडचण खरी होती" हे दाखवायला यासारखा कागद नाही.

मामांनी ते पत्र दोनदा वाचलं. त्या दिवशी ट्रकच्या केबिनमध्ये दत्ताची तसबीर राहिली होती, म्हणाले. ती मागायला त्यांनी एकदाही फोन केला नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज २०२२-२३. मुदत संपलेल्या वर्षाचा कर भरायचा असेल तर अद्ययावत रिटर्न भरता येतं, आयटीआर-यू. २०२२ पासून ही सोय आहे. आधी दोन वर्षांची मुदत होती, २०२५ च्या अर्थसंकल्पाने चार केली. यात फक्त द्यायचं असतं. परतावा मागता येत नाही, म्हणून बाकीच्या वर्षांना तो रस्ता बंद. आणि जितका उशीर तितका जादा कर: पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, पुढे ६० आणि ७०. आपण ५० च्या टप्प्यात आहोत, ३१ मार्च २०२६ पर्यंत.

सहा लाखांतून एलआयसीचे १८,००० वजा, ५,८२,०००. जुन्या पद्धतीने कर २८,९००, उपकर धरून ३०,०५६. टीडीएस २४,०००. उरले ६,०५६. ऑगस्ट २०२३ पासून २८ महिन्यांचं व्याज, महिना एक टक्का, १,६८०. उत्पन्न पाच लाखांच्या वर म्हणून विलंबशुल्क ५,०००. कर आणि व्याज मिळून ७,७३६, त्याच्या निम्मा जादा कर ३,८६८. एकूण १६,६०४.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी कराचा दर ठरवताना ते हिशेबात येतं. त्या वर्षी आलं नाही. जुलै २०२२ चा पाऊस या भागात कोण विसरेल? मामांची कपाशी आठ दिवस पाण्याखाली होती. शेतीत तोटा. त्या पुराने वाचवलं ते एवढंच.

मामांना सोळा हजारांचा धक्का बसेल असं वाटलं होतं. उलट म्हणाले, "बस? सहा वर्षांचं?" त्यांच्या मनातला आकडा कितीतरी लाखांचा होता. कधी विचारलंच नव्हतं.

पैसे कापसाचे. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० आहे, पण सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीला मोबाइलवर नोंदणी, मग नंबर. मामांनी दहा क्विंटल खासगीत कमी भावाने दिला. मी म्हटलं थांबा, कर पुढच्या आठवड्यात भरू. "नाई. आजच." व्याजाचा महिना बदलला असता तर जादा कर धरून नव्वद रुपयांचा फरक. त्यासाठी नव्हतं ते.

रिटर्नमध्ये "आधी का भरलं नाही" याची कारणं यादीतून निवडायची असतात. "पाकीट फोडलं नाही" असा पर्याय नाही.

मामींचा प्रश्न: कर भरला तर पीएम किसानचे दोन हजार बंद होतात का? नियम असा की मागच्या आकारणी वर्षी आयकर भरणाऱ्याला ते मिळत नाहीत. शून्य कराचं रिटर्न म्हणजे कर भरणं नाही, हे गावात कोणालाच पटत नाही, म्हणून लोक रिटर्नच भरत नाहीत. आपलं एक वर्ष मात्र कराचं आहे. त्या वर्षाचे परत मागितले तर द्यायचे, असं ठरलं. मामी खूश नाहीत.

३० नोव्हेंबर, रविवार

विलंब माफीचे अर्ज. कलम ११९(२)(ब). १ ऑक्टोबर २०२४ च्या ११/२०२४ क्रमांकाच्या परिपत्रकाप्रमाणे एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय आयुक्त घेतात, आणि शक्यतो सहा महिन्यांत. पोर्टलवर विलंब माफीच्या विनंतीची सोय आहे. चार वर्षांचे चार अर्ज, एकूण १,५९,१५०. मंजूर झाले तरी त्यावर व्याज मिळत नाही.

पत्राचा मसुदा तीनदा लिहिला. पहिल्यात मी मामांना फार गरीब केलं होतं. त्यांनी वाचून घेतलं आणि म्हणाले, "मी भिकारी नाई हो, बाई. मी भ्यालो होतो, तेवढं लिही." सीए मॅडम म्हणतात, भीती हे कारण चालत नाही, कागद दाखवा. दोघांचंही खरं. शेवटी घटनाक्रम लिहिला: रिटर्न भरणाऱ्याने काम सोडलं, ईमेल आणि मोबाइल त्याचाच. २०२१ मध्ये मामींचं सेवाग्रामला ऑपरेशन. ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी जप्त. त्याच काळात पॅन बंद. प्रत्येकाला कागद जोडला. सगळे कागद युरियाच्या बॅगेतलेच. भ्यालो होतो, हे वाक्य मी तरीही एकदा घातलं, शेवटच्या परिच्छेदात.

५ डिसेंबर

२६एएसमध्ये ३८,४०० दिसले. "दोन दिवसां"चे वीस झाले. मुनीमजींना आभाराचा फोन केला, मामांनीच.

१३ डिसेंबर, शनिवार

२०२४-२५ चं रिटर्न. सवयीने आयटीआर-४, म्हणजे सुगम नावाचा फॉर्म, उघडलं, अर्धं भरलं आणि अडकले. शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल तर सुगम चालत नाही. या वर्षी कपाशीने साथ दिली होती. आयटीआर-३ घ्यावं लागलं. त्याची पानं बघून मामा म्हणाले, "कापूस पिकला तरी तरासच." दीड तास गेला. मी आधीच बघायला हवं होतं, हात बसल्याचा माज.

वह्या नसलेल्यांसाठी त्यात चार आकडे मागतात: येणं, देणं, साठा, रोकड. रोकड विचारल्यावर मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी डब्याकडे. ३१ मार्चची हवी, आजची नाही, असं सांगितल्यावर दोघं निवांत झाले.

ट्रकचे ३ लाख, बँकेचं व्याज २,१४०. सूट धरून कर शून्य. उशिराचं शुल्क १,०००. परतावा १,५६,०००. बँक खातं पडताळलेलं आहे ना, हे दोनदा बघितलं, परताव्याचे पैसे तिथेच अडकतात बऱ्याचदा. आधारचा ओटीपी मामांच्या फोनवर आला. सहाही आकडे त्यांनी आवाज चढवून वाचले, शेजारच्यांना ऐकू जातील असे. मी म्हटलं, ओटीपी कोणाला ऐकवू नये. "सरकारलेच तं ऐकवून रायलो."

१८ जानेवारी २०२६, रविवार

परतावा जमा. ट्रकला सहा टायर, बाकी फायनान्सच्या उरलेल्या कर्जात, तडजोडीचं बोलणं आईच्या ओळखीच्या वकिलांमार्फत चालू आहे. भाडं डिसेंबरपासून पूर्ण येतंय, एक पैसा कापला जात नाही. घोषणापत्राची पोच मामांनी प्लास्टिकमध्ये घालून केबिनमध्ये लावली आहे, जिथे दत्ताची तसबीर असते तिथे. तसबीरही नवीन आणली, थोडी खाली.

२५ जानेवारी

आयुक्त कार्यालयातून २०१९-२० च्या अर्जावर विचारणा: त्या वर्षीच्या आरसीची प्रत द्या. दिली. बाकी तीन अर्ज वाट बघतायत.

१ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतोय. आकारणी वर्ष जाऊन "कर वर्ष" येणार, दोन वर्षांचा घोळ संपणार. मामांना सांगितलं. "आपल्यासाठीच केला असन," म्हणाले.

फोनवर चालू वर्षाचा हिशेब विचारत होते. एप्रिल ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ४,२०,००० भाडं, वीस टक्क्यांनी ८४,००० कापलेले. तेही रिटर्न भरल्यावर परत येतील, या वेळी मुदतीत. मागून मामींचा आवाज: शिलाई मशीन, मोटरवालं, अन् कधी येतील ते विचारा. मामांनी विचारलं. मी म्हटलं, बघू. दिवाळीचं एकदा बोलून बसले आहे.